ओल्या तोंडावरचं मलम

आमच्या घरात कुणाला काही झालं की सल्ला द्यायला पाच जण असायचे आणि त्या पाचांत डॉक्टर कधीच नसायचा. डॉक्टर म्हणजे शेवटचा उपाय, आणि शेवटच्या उपायाची वेळ येऊ न देणं हीच घराची अब्रू, असा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ठाम समज होता. अप्पा कुंभकोणमच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीत त्यांचं फारसं कुणी ऐकत नसे, त्यामुळे ते घरी आले की आम्हाला ऐकावं लागे. औषधापाण्याच्या बाबतीत तर ते बोलायला लागले की अम्मा पदराने हात पुसत स्वयंपाकघरात निघून जायची आणि मी एकटी सापडायचे.

हे असं पुस्तकी मराठी मी फार पुढे शिकले, सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता. तिथे पहिल्याच आठवड्यात एक सहकारी बाई मला म्हणाल्या, "तुम्ही अगदी बखरीतल्यासारख्या बोलता हो." त्यांना कौतुक वाटत होतं. मला काही वाटत नव्हतं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले, राज्य गेलं, आम्ही राहिलो. बरोबर आणलेली भाषा उंबऱ्याच्या आत जपून ठेवली आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलू लागलो. जपून ठेवण्याचा आम्हाला नादच होता. भाषा जपली, पितळेची भांडी जपली, सोवळं जपलं, आणि एकदा केलेली चूकही तितक्याच निष्ठेने जपली.

पहाटे सगळ्यांत आधी कानावर यायची ती विहिरीच्या कप्पीची कुरकुर. मग अप्पांच्या डोक्यावर पाणी पडल्याचा आवाज आणि त्याच्याबरोबर देवाची नावं, थंडीने जरा जास्तच जोरात घेतलेली. मग कॉफीच्या फिल्टरवर अम्माने मारलेली टिचकी. कॉफी लवकर उतरत नसली की ती फिल्टरला मारायची, आणि मला वाटतं, त्यातले बरेच मार दुसऱ्या कुणाच्या वाट्याचे असायचे. उजाडलं की मागच्या गल्लीत पितळी भांडी ठोकणाऱ्यांची ठकठक सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत चालायची. त्या ठकठकीची आम्हाला इतकी सवय होती की सणाला ती बंद पडली की झोप यायची नाही.

आम्ही वैष्णव. आंघोळ झाली की अप्पा अंग न पुसता ओलेत्यानेच गोपीचंदन उगाळायला बसत. कपाळ, छाती, पोट, दंड, ठरलेल्या सगळ्या जागांवर रेघा ओढत, त्यांवर शंख-चक्राच्या छोट्या मुद्रा उमटवत आणि मग 'मोट्टै माडी'वर, म्हणजे आमच्या उघड्या सपाट गच्चीवर, पूर्वेला तोंड करून ते सगळं वाळेपर्यंत बसून राहत. ओल्या अंगावर लावलं म्हणजे धरतं, उन्हात वाळलं म्हणजे टिकतं. गोपीचंदनापुरता हा नियम बरोबर आहे, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. वर्षातून एकदा मठाचे स्वामी येत तेव्हा तापवलेल्या मुद्रा दंडावर घ्यायला आम्ही सगळे रांगेत उभे राहायचो. धातू टेकला की चटका बसायचा, मी ओरडायचे, आणि अप्पा मागून अभिमानाने म्हणायचे, "जळलें ना? म्हणजे लागलें." ही दोन तत्त्वं त्यांना अगदी लहानपणापासून मिळालेली होती, आणि दोन तत्त्वांवर त्यांचं सगळं आयुष्य व्यवस्थित चाललं होतं. तिसऱ्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

सतराव्या वर्षी माझ्या तोंडावर मुरुम आले. एक-दोन नव्हे, कपाळापासून हनुवटीपर्यंत, लाल, टणक, काही पिकलेले. घरात लगेच खलबतं सुरू झाली. अम्माने निदान केलं की ही उष्णता. मग आंबा बंद झाला, शेंगदाणे बंद झाले, वांगं बंद झालं. एक दिवस डांगर पचडीही बंद झाली, जिच्यात उडदाचं पीठ आणि ताक यांपलीकडे काही नसतं. माझ्यासमोर बसून बाकीचे ती गार गार पचडी भाताबरोबर ओरपायचे आणि मला सांगायचे, "तुझ्या चांगल्यासाठी डी." आमच्याकडे 'गं'ला 'डी' म्हणतात. शेजारच्या मामींनी दात घासायची पेस्ट लावायला सांगितली. कुणी सांगितलं पहाटेची लाळ लाव. शुक्रवारी तिळाच्या तेलाचं न्हाणं असायचंच, त्यात अम्माने भर घातली. आधी शिकेकाई, मग मुगाचं पीठ, मग दगडावर उगाळलेली हळद, आणि हे सगळं ती माझ्या तोंडावर असं घासायची की जणू तळाला लागलेला भात काढायचा आहे. न्हाणं झालं की तोंड पिवळं दिसायचं आणि मुरुम पिवळ्यातून लाल उठून दिसायचे. सगळे म्हणायचे, बरं वाटतंय.

अठरावं लागलं तेव्हा तिरुविडैमरुदूरच्या एका घरातून विचारणा आली. मुलगा बँकेत होता, घर आपल्यातलं, मराठी बोलणारं, अशी घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे अप्पा हवेतच होते. महिन्याभराने, एका रविवारी, ते मला बघायला येणार होते. पसंती झाली की कॉलेज सुटणार, हेही मला सांगून टाकलं होतं. मी नुकतीच बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले होते. मला त्या बँकेतल्या मुलाशी काही देणंघेणं नव्हतं, मला रसायनशास्त्र हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला चेहराही हवा होता. नको असलेल्या माणसांनीसुद्धा आपल्याकडे बघून तोंड फिरवू नये, एवढं अठराव्या वर्षी प्रत्येकीला वाटतं. मला जरा जास्तच वाटत होतं.

इथे काका आले. माधूकाका, अप्पांचे धाकटे भाऊ. तळ्याकडच्या रस्त्यावर एका मेडिकल शॉपच्या गल्ल्यामागे उभे राहायचे, उभं राहण्यापलीकडे त्यांची काही पदवी नव्हती. पण दहा वर्षं औषधांच्या खोक्यांशेजारी उभं राहिलं की माणूस आपोआप वैद्य होतो, अशी त्यांची कल्पना होती आणि गल्लीची तीच कल्पना होती. खोकला ऐकून ते बाटली काढायचे, चाल बघून गोळी काढायचे. माझं तोंड त्यांनी खिडकीजवळ नेऊन बघितलं आणि दुसऱ्या दिवशी खिशातून एक पांढरी ट्यूब काढली. "मद्रासच्या डॉक्टरांची चिठ्ठी असल्याबिगर ही कोणाला देत नाहींत," ते म्हणाले, आणि चिठ्ठीशिवाय ती माझ्या हातात दिली. कशी लावायची विचारलं तर म्हणाले, "मलम आहे, लावायचें. त्याला शास्त्र कसाला?"

त्याला शास्त्र होतं. रेटिनॉइड नावाचं ते औषध कातडीच्या पेशी लवकर लवकर बदलायला लावतं, आणि जे औषध एवढं करतं ते निमूटपणे करत नाही. पण शास्त्र ठरवलं अप्पांनी. त्यांनी ट्यूब डोळ्यांजवळ धरून फिरवून बघितली, पुन्हा खाली ठेवली आणि सांगितलं, "ओल्या तोंडावर लावायचें. सकाळीं, न्हाण झालें कीं. मग वर जाऊन उन्हांत वाळवायचें. गोपीचंदन कोरड्या आंगावर कोणी लावतें काय?" कोरड्या अंगावर आमच्याकडे कुणीच लावत नव्हतं, त्यामुळे तेच ठरलं. एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन की प्रमाण त्यांनी बरोबर सांगितलं. बोटाच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढं मलम घ्यायला लावलं आणि म्हणाले, "एवढेंच. जास्त नको." यात शास्त्र नव्हतं, चिकटपणा होता. पण त्यांच्या सगळ्या सूचनांत ही एकच सूचना बरोबर निघायची होती.

खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. तो मी दुसऱ्या दिवशी वाचला, सगळा, बारीक अक्षरांसकट. रात्री झोपताना लावा, त्वचा पूर्ण कोरडी असू द्या, थोडं लावा, उन्हापासून जपा. मी तो कागद घेऊन अप्पांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, जसं ते कचेरीतल्या अर्जदाराचं ऐकत असावेत. मग म्हणाले, "हें परदेशांतल्या लोकांसाठीं लिहिलेलें. त्यांच्याकडे ऊन कुठलें? म्हणून रात्रीं लावा म्हणतात." मी कागदाची घडी घालून तो खोक्यात परत ठेवला.

तर रोज सकाळी मी ओल्या तोंडावर मलम लावून गच्चीवर पूर्वेला तोंड करून बसायचे. माझ्या शेजारी अप्पा, अंगभर रेघा ओढून. दोघंही वाळत. तिसऱ्या दिवशी तोंड लाल झालं, पाचव्या दिवशी जळायला लागलं. "जळतें, अप्पा," मी म्हणाले. "जळतें म्हणजे लागतें," अप्पा म्हणाले. आठव्या दिवशी सोलपटं निघायला लागली, ओठांच्या कडेला आणि नाकाच्या खाचेत भेगा पडल्या, पेरूची फोड मिठाबरोबर खाल्ली की डोळ्यांतून पाणी यायचं. घरात याचा आनंद झाला. जुनं कातडं जातंय, खालून नवं येतंय. काका तर म्हणाले, महिन्याने सोन्यासारखं निघेल. शुक्रवारी अम्माने त्या सोलपटांवर नेहमीप्रमाणे शिकेकाई, मुगाचं पीठ आणि हळद घासली. मी किंचाळले तेव्हा तिचा हात थांबला, पण "सुटतें ना, निघून जाऊं दे" म्हणत ती पुन्हा घासायला लागली. तिलाही घाई होती. रविवार जवळ येत होता.

आता इथे मला जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं म्हणजे हे प्रकरण मी लिहायला घेतलं. घाई त्यांच्यापेक्षा मला जास्त होती. ट्यूब माझ्या पेटीत असायची. रात्री जेवणं झाली, अप्पा पुढच्या ओट्यावर पानसुपारी खायला गेले, की मी पेटी उघडून पुन्हा लावायचे. मुगाच्या दाण्याएवढं नाही. बोटभर. मुरुमांवर थापून लावायचे, डोळ्यांखाली ओढायचे, कधी कधी पुरेसं वाटलं नाही तर आणखी. कागदात रात्री लावा असं लिहिलं होतं ना, मग मी शास्त्रच पाळत होते. कागदातलं मला सोयीचं होतं तेवढं मी पाळलं आणि बाकीचं घडी घालून ठेवलं. अप्पांना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत होते आणि त्यांच्याहून मोठी अडाणी मी होते, कारण त्यांनी निदान कागद वाचला नव्हता.

काकांची नात श्रीनिधी चेन्नईत असते. अधूनमधून माझ्याकडे राहायला येते आणि येताना सहा बाटल्या घेऊन येते. फोनवरची कुणी एक बाई तिला सांगते त्याप्रमाणे ती एकावर एक थर देते, त्यात हेच औषध असतं, त्याच्यावर आंबट काहीतरी, त्याच्यावर कातडी घासायचं काहीतरी. तोंड धुतलं की टपटप पाणी गळत असतानाच लावते. मी म्हटलं, वीस मिनिटं थांब, कोरडं होऊ दे. आत्याला ती तमिळमध्ये अत्तै म्हणते. "अत्तै," ती म्हणाली, "आता सगळं बदललंय." बदललं काहीच नाही. पूर्वी गल्ल्यामागे काका उभे होते, आता फोनमध्ये बाई उभी आहे. सोलपटं निघाली की ही पोरगीही खूश होते. हे तिच्या रक्तातच आहे, तिला मी दोष देत नाही, पण तिची मला कीवही येत नाही.

रविवार उजाडला तेव्हा माझ्या तोंडाची अवस्था अशी होती की अम्माने आरसा काढून ठेवला. गालावर लाल चट्टे, कपाळावर सुकी सोलपटं, एक डोळा सुजून अर्धा मिटलेला. कुणीतरी सुचवलं म्हणून पावडर थापली. पावडर सोलपटांना चिकटली आणि चुना सुटलेल्या भिंतीसारखं दिसायला लागलं. तरी मला नेसवलं, फुलं माळली आणि पुरणपोळ्यांचं ताट हातात दिलं. पाहुणे तिघे होते, मुलगा, त्याचे वडील आणि आई. अप्पांनी सुरुवातीला, सांबाराचा शोध आमच्या तंजावरच्या दरबारात लागला, ही गोष्ट सांगितली. पाहुण्यांना ती पाठ होती, कारण तेही आपल्या पाहुण्यांना तीच सांगत असणार. सगळे योग्य जागी हसले. मग मी ताट घेऊन बाहेर आले आणि हसणं थांबलं.

मुलाच्या आईने मला जवळ बोलावलं, हनुवटीला हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला. "हें काय झालें तोंडाला? दुसऱ्याला लागतें काय?" काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा खाकरले. "पोरीनें आपल्या मनानें काहीं तरी आणून लावलें," ते म्हणाले. "आम्ही किती सांगटलें. आतांच्या पोरी ऐकतात काय?" पाहुण्यांनी समजूतदारपणे मान हलवली. मुलाचे वडील म्हणाले, दोन महिन्यांनी बघू, तोंड नीट झालं तर. मुलगा पुरणपोळी खात होता, त्याने वर बघितलं नाही. मी ताट खाली ठेवलं आणि आत गेले. मला रडू आलं नाही, कारण रडलं की खारट पाण्याने गाल जळायचे. मला राग आला, आणि इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. सकाळी उन्हात बसवणारा हा माणूस, माझ्या शेजारी बसून वाळणारा हा माणूस, परक्या तीन माणसांसमोर सरळ खोटं बोलला. आणि त्या खोट्यात थोडं खरं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. त्यामुळे रागही पूर्ण माझा होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गालावरून पाणी सुटायला लागलं आणि दुसरा डोळाही उघडेना. तेव्हा अम्मा, जी अप्पांसमोर वाक्य पूर्ण करत नसे, म्हणाली, "उद्यां तंजावूरला न्यायचें. मी विचारीत नाहीं, सांगतें." अप्पांनी शर्ट चढवला. सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघालो. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईने आपलं मूल माझ्यापासून उचलून पलीकडे घेतलं. अप्पांनी ते बघितलं. त्यानंतर ते खिडकीबाहेरच्या भाताकडे बघत बसले ते तंजावर येईपर्यंत.

कातडीची डॉक्टर एक बुटकी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी बाई होती. तिच्याकडे वेळ नव्हता आणि गोडवा त्याहून नव्हता. मला ती पाहताक्षणी आवडली. तिने ट्यूब मागितली, मी पिशवीतून काढून दिली. "कधी उघडली?" तिने तमिळमध्ये विचारलं. तीन आठवडे झाले, अप्पा म्हणाले. "कधी लावता?" सकाळी, आंघोळीनंतर, एकदा. "ओल्या तोंडावर?" हो. "मग?" मग उन्हात. तिने लिहिणं थांबवलं. "उन्हात," ती म्हणाली, पुन्हा एकदा, जणू चव घेऊन बघत होती. "आणि हळद?" शुक्रवारी. "एका वेळी किती लावता?" अप्पांनी आपल्या बोटाचं टोक दाखवलं. मुगाच्या दाण्याएवढं. जास्त मी लावू देत नाही.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब टेबलावर आडवी ठेवली. ती शेपटीपासून गळ्यापर्यंत गुंडाळलेली, कोरडी ठणठणीत होती. "एवढी ट्यूब दोन-अडीच महिने पुरते," त्या म्हणाल्या. "मुगाच्या दाण्याने ही तीन आठवड्यांत संपली?" अप्पांनी ट्यूबकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, पण त्यांनी बघितलं ते मला कळलं. अप्पांना एवढं गणित येत होतं. परवा पाहुण्यांसमोर बोललेलं खोटं आता त्यांच्यासमोर खरं होऊन पडलं होतं, फक्त उचलायचं होतं.

"नान् दान् सोन्नेन," अप्पा म्हणाले. मीच सांगितलं. "जास्त लाव म्हणून मीच सांगितलं. उन्हातही मीच बसवलं. तिने कागद वाचून दाखवला होता, मी ऐकलं नाही."

त्या बाईने त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, अर्धं मला आठवत नाही आणि उरलेलं लिहायची लाज वाटते. हेडक्लार्क असलेला माझा बाप हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून ते सगळं ऐकत बसला होता. मग त्या माझ्याकडे वळल्या. आधी सगळं बंद, कातडी भरून येईपर्यंत फक्त एक साधं क्रीम. त्यानंतर पुन्हा सुरू, पण दर तिसऱ्या रात्री. तोंड साध्या साबणाने धुवायचं, टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि वीस मिनिटं थांबायचं. पूर्ण कोरडं झालं की मुगाच्या दाण्याहून जरा मोठं, वाटाण्याएवढं, तेही सगळ्या तोंडाला मिळून. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडून. ज्या रात्री जळेल त्या रात्री लावायचं नाही. दिवसा छत्री आणि उन्हाचं क्रीम. हळद, शिकेकाई, पीठ, काही नाही. पहिले काही आठवडे तोंड अधिकच वाईट दिसेल, घाबरायचं नाही, फरक तीन महिन्यांनी. "आणि लग्न होऊन मूल हवं असेल तेव्हा हे आधी बंद करायचं, डॉक्टरला विचारून." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, अप्पांकडे नाही. माझ्या शरीराबद्दल कुणी मला सांगितलेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

परतीच्या गाडीत मी बोलायला हवं होतं. कुंभकोणम येईपर्यंत तासभर होता. मी विचार केला की घरी गेल्यावर सांगेन, मग घरी गेल्यावर विचार केला की चेहरा बरा झाल्यावर सांगेन.

चार दिवसांनी काका हसत हसत घरात शिरले. त्यांना तिरुविडैमरुदूरहून काहीतरी कळलं होतं आणि ते पोटात ठेवणं त्यांना जमत नव्हतं. अप्पा कचेरीतून रजा घेऊन एकटेच बसने तिकडे गेले होते, त्या लोकांच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं होतं की पोरीने काही केलं नव्हतं, त्या दिवशी मी खोटं बोललो, लावायला मीच सांगितलं. मुलाच्या आईने म्हणे विचारलं, अशा डोक्याच्या घरातली मुलगी आम्ही कशी आणायची? काकांना हे फार गमतीचं वाटलं. "वेडा आहे डी तुझा बाप," ते म्हणाले. "ठरत आलेलें मोडून आला." ज्या माणसाने ट्यूब आणली आणि पंख्याकडे बघत उभा राहिला, तो हे म्हणत होता. मी त्यांना कॉफी दिली नाही. अम्मानेही दिली नाही, आणि आमच्या घरात आलेल्याला कॉफी न देणं म्हणजे काय ते काकांना बरोबर कळलं. महिनाभर ते फिरकले नाहीत.

कातडी भरून आल्यावर पहिल्या रात्री जेवणं झाली आणि मी तोंड धुवून, टिपून, झोपाळ्यावर बसले. अप्पा पानसुपारीला ओट्यावर गेले नाहीत. माझ्यासमोर पाटावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. वीस मिनिटं. मधे मी एकदा नवी ट्यूब उघडायला गेले तर नुसतं बोट वर केलं. वीस झाली की "झालीं" म्हणाले आणि उठून गेले. दर तिसऱ्या रात्री हेच, पावसात, सणावारी, अंगात ताप असतानासुद्धा. आपण सांगितलेलं उन्हाचं शास्त्र ज्या निष्ठेने पाळलं तितक्याच निष्ठेने त्या चष्मेवाल्या बाईचं शास्त्र ते पाळत होते. मला कधी कधी हसू यायचं. त्या वीस मिनिटांत आम्ही बोलायचो नाही. मी बोलायला हवं होतं. माझ्याकडे शंभर वेळा तरी वीस मिनिटं होती.

चेहरा पुढे बरा झाला. दोन डाग राहिले, डाव्या गालावर, ते अजून आहेत. लग्न मोडलं, कॉलेज राहिलं, मग पुढचं सगळं. अप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पेटीतून काढून रात्री मी बोटभर लावत होते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं, हे त्यांनीही मला कधी सांगितलं नाही. आयुष्यभर मी त्यांच्या अडाणीपणाच्या गोष्टी सांगून लोकांना हसवलं, सोलापूरच्या स्टाफरूममध्ये तर ही गच्चीवर वाळण्याची गोष्ट माझी हुकमी होती. पण ट्यूबपाशी आले की मी गोष्ट थांबवायचे.

त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक रात्र. "झालीं," अप्पा म्हणाले. मी बोटावर मलम घेतलं, कपाळाला टेकवलं, आणि हात जरा थांबला असेल. अप्पा उठता उठता पुन्हा खाली बसले.

"जळतें काय?" त्यांनी विचारलं.

अठरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला होता. मी हो म्हणाले.

"मग आज राहूं दे," ते म्हणाले. आपल्या धोतराच्या टोकाने त्यांनी माझं कपाळ टिपून घेतलं, माझ्या हातातली ट्यूब घेतली आणि तिला टोपण लावलं.